पाण्यातली भिंत

आसुमिनी बीबीची हाक वाया गेली असं कुंडुचीच्या किनाऱ्यावर आजवर कुणी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी तसं बोलून दाखवायची छाती कुणाची होती? ती आपल्या कढईपाशी बसून नुसतं "ए" म्हणाली तरी बर्फाच्या शेडपर्यंतचे हमाल माना वर करायचे, आणि ज्याला बोलावलेलं नाही तोसुद्धा आपण काय पाप केलं ते आठवू लागायचा. आणि आज भर दुपारी, स्वतःच्या अंगणात, चार हातांवर बसलेल्या पोटच्या पोराला तिनं सांगितलं, "म्बारका, तो कोळशाचा टोपला इकडं सरकव रे," आणि पोरगा वळला नाही. बदामाच्या झाडाखाली पाट टाकून तो इंजिनाचा प्लग पुसत होता. पाठ किंचित तिच्याकडे, डावा कान पुरता तिच्याकडे. तिनं पुन्हा सांगितलं. या खेपेला आवाज असा लावला की शेजारच्या कोंबड्या पांगल्या. म्बारका प्लगवर फुंकर घालत राहिला. तेवढ्यात तिची सून म्वानाम्वुआ पाण्याची बादली घेऊन मधून गेली आणि जाता जाता, वर न बघताच म्हणाली, "आई, उजवीकडून बोला. डाव्या बाजूचं दुकान बंद असतं हल्ली त्यांचं." म्हणाली आणि हसली. आणि मग ते हसू तोंडातल्या तोंडात मोडलं, बादली हिंदकळली, आणि म्वानाम्वुआ घाईघाईनं आत गेली. हाक वाया गेल्याचं बीबीला तेवढं लागलं नाही. ते मोडलेलं हसू लागलं.

"काय झालं तुझ्या कानाला?"

"पाणी गेलंय. निघेल."

"कधी गेलंय?"

"निघेल गं आई. मासेमाराच्या कानात पाणी जाणार नाही तर काय मध जाणार?"

लहानपणी त्याचा कान दुखला की ती त्याला मांडीवर आडवा घेई आणि कोमट खोबरेल सोडी, आणि तेल आत उतरताना हा गाढव खिदळायचा. आताही तिचा हात आपोआप त्याच्या हनुवटीकडे गेला. त्यानं मान झटकली. एवढ्यात तिला दिसायचं ते दिसलं होतं. कानाच्या पाळीच्या आत, वळणावर, वाळलेल्या चहासारखी तपकिरी रेघ होती. टोपला तिनं स्वतः उठून ओढला. गुडघे कटकटले, आणि तिला वाटलं, हा आवाज तरी त्याला ऐकू गेला असेल का?

पाण्यानं कान बंद होतो तो दोन्हीकडून गुणगुणतो, माणूस एका पायावर उड्या मारतो, काडी घालतो, चिडचिड करतो. हा चिडत नव्हता. या कानाला तो सरावला होता. पाट टाकताना भिंत डाव्या हाताला घ्यायची, बायकोला उजवीकडे बसवायचं, कुणी बोलताना ओठांकडे बघायचं, हे सगळं त्यानं कधीचं शिकून घेतलं होतं आणि घरातल्या घरात तिच्या नाकाखाली वापरलं होतं. ती मात्र किनाऱ्यावर सांगत फिरत होती, की माझा म्बारका हल्ली किती शांत झालाय, किती नीट तोंडाकडे बघून ऐकतो, बापाच्या वर गेलाय. बापाच्या वर! बाप तिचा एक शब्द ऐकून घेत नसे, पण त्याचे दोन्ही कान शाबूत होते, मरेस्तोवर.

कढईत तेल तापत होतं. सुनेनं साफ करून, तुकडे करून ठेवलेली मासळी तिनं मिठात घोळली आणि सोडली. तुकडा तेलात पडताच कडेनं सुटला, भुगा झाला, तळाशी बसला. "तेल जुनं झालंय," ती मोठ्यानं म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. तेल तिनं सकाळीच बदललं होतं. गेले कित्येक महिने ती तेलाला, मिठाला, कोळशाला नावं ठेवत होती. पूर्वी मासा ती स्वतः साफ करी. मग सून एक दिवस आपणहून म्हणाली, "आई, तुमची बोटं सुजतात, घरचा माल मी साफ करत जाईन," आणि बीबीला किती बरं वाटलं होतं! सून असावी तर अशी, असं तिनं चारचौघींत सांगितलं होतं. चांगू माशाचं पोट अखंड असं तिच्या हाताखाली कधीपासून आलं नव्हतं? घरात येतात ते तुकडे. पोट नाही, काटा नाही, डोकं नाही. अंगावरचे कपडे काढून पुरलेल्या मुडद्यासारखे, कुणाचे म्हणून ओळखायचे? आणि तिनंही ओळखायला हात पुढे केला नव्हता, कारण बोटं सुजतात.

तिची बोटं! त्या बोटांवर तर तिचं नाव उभं होतं. लिलावाच्या वेळी टकल्या किपारा टोपली पुढे ओढायचा आणि ओरडायचा, "बीबी, अंगठा!" मग ती पुढे व्हायची, घाई न करता, सगळ्यांना थांबवून. ढिगातला एक मासा उचलायची, पोटाखाली अंगठा लावायची आणि दाबायची. जाळ्यातला मासा आतून उलटा दाबतो, त्याच्या पोटात वाऱ्याची पिशवी फुगलेली असते. बारुदीचा, म्हणजे पाण्यात बार उडवून मारलेला मासा दाबत नाही. अंगठा आत जातो तो जातच राहतो, पिशवीच्या चिंध्या झालेल्या असतात, आणि पाठीकडून दाबलं तर काटा ओल्या काडीसारखा तुटलेला लागतो. बाहेरून काही नाही. खवला न खवला जागच्या जागी, डोळा टपोरा, जसा काही आत्ताच बाजाराला निघालाय. सरकारच्या गस्तीच्या बोटीला फसवता येतं, गिऱ्हाइकाला येतं, बीबीच्या अंगठ्याला येत नाही. ती "ताजा" म्हणाली की बोली सुरू. ती "बारूद" म्हणाली की टोपली उलटी. पण किनाऱ्याचा एक रिवाज आहे. घरच्या मचव्याच्या मालाला घरच्या बाईनं अंगठा लावायचा नाही. लावला तर त्याचा अर्थ एकच होतो, की घरात चोर आहे. म्हणून म्बारकाची टोपली पुढे आली की किपारा स्वतःच हात वर करायचा, "घरचा माल!" आणि बोली चालू व्हायची. बीबी त्या वेळी बाजूला वळून कुणाशी तरी भांडत असायची. भांडायला किनाऱ्यावर माणसांची वाण कधीच नव्हती.

आणि बारूद कशी असते ते तिला कुणी शिकवायला नको होतं. ती पोर असताना, ओहोटीला आईबरोबर खडकांवर ऑक्टोपस शोधायला जाई तेव्हाची गोष्ट. आई कोरड्या खडकावर बसून टोपली बांधत होती आणि ही कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. एकाएकी तिला कुणीतरी मारलं. बाहेरून नाही, आतून. पोटात, नडग्यांत, दातांच्या मुळांत एकाच वेळी कुणी सपाट हाताची थप्पड दिल्यासारखं झालं. ती ओरडलीसुद्धा नाही, श्वासच राहिला नाही. आई म्हणाली, "काय गं, काय झालं? लांब कुणीतरी दार लावल्यासारखं वाजलं, तेवढंच." एवढंच! एकीला दार आणि एकीला थप्पड, आणि दोघींत अंतर हातभर. मग लहान लहान मासे वर आले, पांढरी पोटं वर करून, बाजारातल्या पैशांसारखे चमकत, आणि आसुमिनी नावाच्या त्या पोरीनं ते परकरात भरले, कारण मासा म्हणजे मासा. त्या संध्याकाळी त्यांनी पोटभर खाल्लं. तिला अजून चव आठवते. चव वाईट नव्हती, हेच मेलं वाईट होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत रिझिकी आली, बीबीची धाकटी. दालादालाच्या, त्या खच्चून भरलेल्या छोट्या बसच्या गर्दीत चुरगळलेला डोक्याचा रुमाल झटकत तिनं चपला काढल्या. रिझिकी शिकलेली. समुद्रात कान सोडून बसणाऱ्या लोकांत ती नोकरीला होती. तारेच्या टोकाला कान बांधून ते खाली सोडतात, तो कान रात्रंदिवस ऐकतो, आणि ऐकलेल्या आवाजांची चित्रं करून रिझिकी पडद्यावर बघत बसते. बीबी शेजारणींना सांगायची, "माझ्या लेकीची नोकरी म्हणजे दर्याच्या कानात तेल घालायची." पण सांगताना मान ताठ असायची. रिझिकीनं हातपाय धुतले, मक्याच्या पिठाच्या गरम उगालीचा गोळा मोडला, आणि आई आज जेवताना आपल्या ताटाला नावं ठेवत नाही हे बघून तिचा घास थांबला.

"आई, काय झालं?"

"काही नाही. मला एक सांग. एखाद्याच्या फक्त एकाच कानात पाणी जातं का?"

रिझिकीनं घास खाली ठेवला. म्बारका घरात नव्हता, मचव्याकडे गेला होता. तरी तिनं दाराकडे बघितलं.

"कुणाच्या?"

"कुणाच्या का असेना. मागं तू मला ते सांगितलं होतंस, आवाजाचं. मी तेव्हा ऐकलं नव्हतं नीट. तुझं बोलणं म्हणजे शाळा. आज सांग."

खरं तर तिनं तेव्हाही ऐकलं होतं, एकेक शब्द. रिझिकीनं सांगितलं होतं, की साधा आवाज पाण्यातून जातो तो जसा निघतो तसा पोचतो. चढ, उतार, चढ, उतार, गोल गोल. पण आवाज फार मोठा असला की त्याचं वागणं बदलतं. त्याचा जो चढ असतो, जिथं पाणी दाबलं जातं, तो भाग पळतो जोरात. उतार मागं रेंगाळतो. जाता जाता मागचा चढ पुढच्या उताराच्या पाठीवर चढत जातो, आणि जी लाट गोल निघाली होती ती पुढच्या बाजूनं उभी होत जाते, कड्यासारखी, भिंतीसारखी. लाट राहते पण लाटेचा आकार राहत नाही. बीबीला ते लगेच पटलं होतं, कारण तिनं हे बाजारात रोज पाहिलं होतं. विहिरीवर कुणीतरी म्हणतं, अमकीच्या सुनेचा चेहरा उतरलाय. साधं, गोल बोलणं. मासळीबाजारात पोचेपर्यंत त्याच सुनेला दिवस गेलेले असतात, आणि मशिदीच्या कोपऱ्यावर ते कुणाचे तेही ठरलेलं असतं. बोलणाऱ्याला कुठं ठाऊक असतं आपण काय सोडलं? तो सोडतो चेंडू आणि ऐकणाऱ्याला लागतो सुरा.

"आणि बार?" ती म्हणाली. "बाराचं काय होतं?"

"बार तर इतका मोठा, की तो भिंत होऊनच निघतो," रिझिकी हळूच म्हणाली. "जवळ असेल त्याला भिंतच लागते. माशाच्या पोटात हवा असते, माणसाच्या कानात हवा असते. भिंत पाण्यातून सरळ जाते, पण हवेशी आली की हवा चिरडते, फाडते. वर मचव्यात उभा असतो त्याला नुसतं धप्प ऐकू येतं. त्याला वाटतं, हे एवढंच होतं."

"आणि लांब?"

"लांब जाता जाता ती भिंत झिजते. पुन्हा गोल होते. आम्हाला ऐकू येतो तो तसला, म्हातारा झालेला." तिनं मोडलेला घास ताटात फिरवला. "एक गंमत आहे आई. तुम्ही वाटेल तेवढा मोठा आवाज काढा, लांबवर एका मापाच्या वर पोचतच नाही. जास्तीचा जोर वाटेतच जातो, पाणी तापवण्यात. दुप्पट ओरडा नाहीतर दसपट, पलीकडच्याला तेवढंच."

गंमत म्हणे! बीबीनं पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. तिला आठवत होतं, ती आयुष्यभर कशी ओरडत आली. नवऱ्यावर, दारूवर, दर्यावर, म्बारकावर. शाळा सोडलीस तर पाय तोडीन. वाईट संगत धरलीस तर तोंड बघणार नाही. घरात बारूद आली तर मी आधी पेटेन. दर खेपेला आधीपेक्षा मोठ्यानं, आणि दर खेपेला तिला वाटायचं, आता पोचलं. पोचलं होतं तेवढंच, धप्प. बाकीचा सगळा जोर वाटेत कुठं गेला? तिच्याच घशात तापला असेल.

"तुमच्या त्या कानाला," तिनं विचारलं, "समोरच्या बेटाच्या मागच्या अंगाचं ऐकू येतं?"

"येतं."

"कधी येतं?"

"आई." रिझिकीनं ताट दूर सारलं. "आवाजावर नाव लिहिलेलं नसतं. मला आकार दिसतो. नाव दिसत नाही."

"मी नाव विचारलं का?"

"नाही विचारलंस."

"मग?"

रिझिकीचे डोळे भरले, आणि ते बघून बीबी उठली, भांडी आदळली, आणि म्हणाली की या घरात मिठाला चव राहिली नाही.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी किनाऱ्यावर होती. मचवे एकेक करून लागत होते, बायका साड्यांसारखे नेसलेले खांगे वर खोचून टोपल्या घेऊन पाण्यात शिरत होत्या. पलीकडे ताबूचं बस्तान होतं. ताबूशी बीबी बोलत नसे. किती पावसाळे झाले त्याला! ताबूच्या नवऱ्याची टोपली एके सकाळी अशीच पुढे आली होती आणि बीबीनं अंगठा लावून एकच शब्द उच्चारला होता. टोपली उलटी झाली, मचवा विकला गेला, नवरा कुठल्याशा खाणीत कामाला म्हणून गेला तो गेलाच. बीबीनं चूक केली नव्हती. मासा बारुदीचाच होता, आणि आज समोर आला तरी ती तेच बोलेल. तेव्हापासून दोघी खांग्यांवर छापलेल्या म्हणींतून भांडत. बीबीला वाचता येत नव्हतं, पण कुठल्या नक्षीवर काय छापलंय ते ती दुकानदाराकडून दोनदा वदवून घेई आणि मगच घेई. 'ज्याचं जाळं फाटकं, त्याचीच जीभ लांब,' असा एक तिनं ताबूच्या दारावरून मुद्दाम मिरवत नेला होता. ताबूनं उत्तरादाखल नेसला होता, 'उंच झाडाला वारा आधी विचारतो.' किनाऱ्याची आठ दिवस करमणूक झाली होती. गंमत अशी, की ताबूचा एकुलता एक सेफू यंदापासून म्बारकाच्याच मचव्यावर इंजिनाला होता. बीबीनं त्यावरून घर डोक्यावर घेतलं तेव्हा म्बारका म्हणाला होता, "बायकांची भांडणं बायकांनी नेसावीत. आम्ही त्यात जाळं टाकत नाही." सेफू गोड पोरगा होता, मोठ्यानं हसायचा, कुणी काही बोललं की लगेच वळायचा. दोन्हीकडून वळायचा. हे तिच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं.

म्बारकाचा मचवा लागला. सेफूनं टोपली खांद्यावरून उतरवली, वर बर्फ, खाली चांगू, तांबूस, टपोरे. म्बारका मागून आला, गर्दीला आपल्या उजव्या हाताला ठेवून. किपारानं सवयीनं हात वर केला, "घरचा माल! चला, बोला, कोण बोलतंय?"

"थांब," बीबी म्हणाली.

किपाराचा हात वरच राहिला. ती पुढे झाली, घाई न करता, जशी नेहमी होई. बर्फ बाजूला सारला. मासा उचलला तेव्हाच तिला कळलं, वजनावरून कळलं, पण तिनं अंगठा लावला. अंगठा आत गेला आणि जातच राहिला. आत काही नव्हतं. कुणाच्या तरी घरात शिरावं आणि खोल्या न लागाव्यात तसा तो जात राहिला, आणि मग पाठीकडे तुटका काटा लागला, आणि तिला वाटलं, हा मासा नाही, हा कान आहे. आतून असाच दिसत असेल. बाहेरून पाळी, वळणं, सगळं जागच्या जागी, लहानपणी तेल सोडलं होतं ते भोकसुद्धा तसंच, आणि आत चिंध्या. ती थप्पड तिच्या पोटात आता पुन्हा बसली, आणि तेव्हासारखाच श्वास गेला. किनारा गप्प झाला होता. ज्यांना काही ठाऊक नव्हतं तेही गप्प झाले, कारण घरच्या बाईनं घरच्या टोपलीला हात लावला होता. यापुढे ती काही बोलली नसती तरी बोलल्यासारखंच होतं.

"बर्फानं मऊ पडतो हो कधी कधी," किपारा म्हणाला. बिचारा घामाघूम झाला होता. "टोपली पडली असेल वाटेत. नाही का रे सेफू?"

"पडली होती," सेफू पटकन म्हणाला. "माझ्या हातून पडली."

"ऐकलंत? पडली होती. बीबी, तुमचं वयही झालंय आता, रागावू नका, अंगठा म्हातारा होतो."

"जीभ नाही झाली अजून," बीबी म्हणाली, आणि दोघंचौघं हसले. हसायला निमित्त मिळालं म्हणून जरा जास्तच हसले. सगळे तिला दार उघडून देत होते. तिनं फक्त आत जायचं होतं. पण आईचा अंगठा कोण मानणार? ती "बारूद" म्हणाली असती तर म्हणाले असते, म्हातारी पोरावर रुसलीय. "ताजा" म्हणाली असती तर म्हणाले असते, शेवटी आईच ती. या एका टोपलीपुरता तिचा अंगठा कुणाच्याच कामाचा नव्हता, तिच्या स्वतःच्यासुद्धा. तिनं मान वळवली. "ताबू," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ते नाव तिच्या तोंडात फक्त शिवीबरोबर आलं होतं, आज एकटंच आलं. "ये इकडं. तू लाव."

ताबू आली. बारकी बाई, वयानं बीबीहून लहान, पण चालताना म्हातारी दिसत होती. तिनं मासा घेतला नाही, बीबीच्या हातातच राहू दिला, आणि खालून अंगठा लावला. दोघींचे अंगठे एका पोटाला लागले. बीबीला दिसत होतं, ताबूचा अंगठाही आत गेला, जात राहिला. ताबूनं वर बघितलं. आता ही बोलणार. बोलू दे, हिचा हक्क आहे, हिनं वाट बघितलीय. ताबूनं आधी म्बारकाकडे बघितलं, मग बराच वेळ बीबीच्या चेहऱ्याकडे. आणि म्हणाली,

"ताजा आहे."

किनारा सुटला. किपारानं टक्कल पुसलं आणि बोली चढवायला लागला. ताबूनं हात खांग्याला पुसला आणि ती आपल्या जागेकडे वळली. का बोलली ती तसं? दया केली? की सूड घेतला, आयुष्यभर पुरेल असा, की घे, तुझं नाव माझ्या थुंकीनं चिकटवलंय? की काहीच नाही, नुसती दमलेली होती, एक उलटलेली टोपली बघितली, दुसरी बघवली नसती? बीबीला ठरवता येईना. ती म्बारकाच्या उजव्या बाजूला गेली, एवढी जवळ गेली की त्याच्या मानेला मिठाचा वास आला.

"हा एक राहिलाय," ती म्हणाली, हळू. असं हळू ती त्याच्याशी तो पाळण्यात होता तेव्हा बोलली होती. "या कानानं तुला माझ्या मातीला कोण कोण आलंय ते ऐकायचंय. समजलं? एवढा ठेव."

तो तिच्या ओठांकडे बघत नव्हता. त्यानं ऐकलं होतं.

"मला कळत नाही का, आई?" तो पुटपुटला. "दुसरा बार पडला आणि मी अजून खालीच होतो, मेलेली मासळी वेचत. टाकणाऱ्याला वाटलं मी वर आलो. वरून त्याला काय कळणार? खाली आवाज नसतो, आई. खाली..." त्यानं तळहात तोंडासमोर उभा धरला. "जाऊ दे. आता नाही उतरणार मी. तू उगाच एवढा तमाशा केलास. उद्यापासून सेफू उतरतोय खाली. मी इंजिनाला."

बीबीच्या अंगात ऊब पसरली. लाज वाटावी एवढी ऊब, थंडीत कढईपाशी बसल्यासारखी. पोरगा वर राहणार. कान राहणार. नाव राहिलं, चारचौघांत, आणि ते राखलं कुणी, तर ताबूनं, आपल्या तोंडानं, सगळ्यांच्या साक्षीनं. अल्लानं ताट वाढून पुढे ठेवलं होतं. करायचं काय होतं, तर काहीच नाही. गप्प बसायचं. आयुष्यात ती एक गोष्ट तिनं कधी करून बघितली नव्हती, ती आज एकदा केली की झालं. किपारा ओरडत होता, गिऱ्हाईकं ओरडत होती, सेफू मचव्याच्या कडेवर बसून पाय हलवत कुणाच्या तरी थट्टेला मोठ्यानं हसत होता. बीबी त्याच्याकडे बघत राहिली. थट्टा डावीकडून आली की डावीकडे मान, उजवीकडून आली की उजवीकडे. किती सोपं होतं ते! काही न शिकता येतं. तिच्या पोटात ती जुनी थप्पड अजून निवली नव्हती, आणि तिला वाटलं, मी कोरड्या खडकावर बसलेय. लांब कुणीतरी दार लावल्यासारखं वाजणार आहे उद्या. तेवढंच वाजेल. मी म्हणेन, काय झालं गं, काय झालं?

ती ओरडू शकली असती. एवढ्या गलक्यात तिचाच आवाज वर चढला असता. पण ओरडण्याचं काय होतं ते तिला आता ठाऊक होतं. किपाराच्या हाताखालून तिनं टोपलीची कडी धरली. तो "अहो बीबी, बोली चाललीय," म्हणेतो ती तिनं वाळूतून ओढत, कमरेत वाकून, बर्फ सांडत, लोकांचे पाय बाजूला सारत पलीकडे नेली. पुरी ओढून होईपर्यंत तिला धाप लागली. ताबू आपल्या कढईखाली फुंकत होती. धुरातून तिनं वर बघितलं, आणि काय आता आणखी, असा तिचा चेहरा झाला.

"ताबू," बीबी म्हणाली. फक्त तिला ऐकू जाईल एवढंच म्हणाली. "उद्यापासून सेफू खाली उतरतोय."

ताबूची फुंकर थांबली.

बीबीनं टोपली पायानं तिच्याकडे सरकवली. "पुन्हा दाब."